भरल्या पारड्याची परीक्षा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार 'गुंज' म्हणायचा. खरं नाव फक्त बायकोला आणि विजेच्या बिलाला ठाऊक होतं. टोपणनाव पडायला कारणही तसंच होतं. गुंजभर फरक निघाला तरी तो काटा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक घाईत असो, चिडलेलं असो नाहीतर सख्खा साडू असो. "गुंजभर खोटं आणि मणभर खोटं यात फरक वजनाचा, खोटेपणाचा नाही," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना चष्म्यावरून असा बघायचा की समोरच्याला आपणच कधीतरी मापात पाप केलंय असं वाटायला लागायचं.

घराची पुढची खोली हेच दुकान. भिंतीला टेकून दगडी फरशीचं टेबल, चारी बाजूंनी पाणसळ लावून सपाट केलेलं. त्या टेबलावर पंखा नव्हता, कारण वाऱ्यानं तराजूची सुई हलते. उन्हाळ्यात नवरा-बायको दोघंही घामानं निथळायची, पण सुई हलायची नाही. बायको प्रमाण वजनं मऊ फडक्यानं पुसून मखमलीच्या पेटीत ठेवायची, वही लिहायची आणि गिऱ्हाइकांना थोपवून धरायची. चौतीस वर्षं हे चाललं होतं, आणि ती वजनं जितक्या हळुवार हातानं उचलायची तितक्या हळुवारपणे आपल्याशी बोलत नाही, अशी गुंजची एक जुनी तक्रार होती.

दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक हमखास तेच वाक्य बोलायचं. त्या दिवशी खिळे-स्क्रू विकणारा बोलला, "अहो, काटा शून्यावर तर उभा आहे! याला काय धाड भरलीय?"

गुंज वाटच बघत असायचा. "रिकाम्या पारड्यावर कुणीही साधू असतो," तो म्हणाला. "भार टाका, मग बोला."

मग त्यानं अर्धा भार टाकला. पूर्ण भार टाकला. काटा पूर्ण भाराला अडीचशे ग्रॅम खोटं बोलला. शेवटी सगळी वजनं उतरवून सुई परत शून्यावर येते का ते बघितलं, तर तीही आली नाही. खिळेवाल्याचा चेहरा उतरला. गुंजचा मात्र खुलला. दुसऱ्याचं खोटं पकडताना माणसाला जो आनंद होतो तो त्याला होई आणि तो लपवायची तसदीही तो घेत नसे. काटा दुरुस्त झाला, तो खरा असल्याची ग्वाही म्हणून शिशाच्या गोळीवर शिक्का दाबला गेला आणि खिळेवाला मान खाली घालून गेला. तो शिक्का म्हणजे गुंजचा प्राण. त्यावर त्याच्या वडिलांची खूण होती.

वडीलही काटेवालेच. सोनं तोलायला जुने लोक वापरायचे त्या लाल गुंजांच्या बियांची त्यांची डबी अजून घरात होती. शेवटची सात वर्षं त्यांना दिसत नव्हतं. साखरेनं डोळे नेले. तरी ते रोज टेबलाशी येऊन बसायचे आणि कुणी बघत नाही असं वाटलं की नखानं सुई चाचपायचे. चालत्या तराजूला हात लावणं म्हणजे या धंद्यात महापाप, आणि ज्यानं मुलाला ते शिकवलं तोच बाप चोरून सुईला हात लावत होता. गुंजनं ते पाहिलं होतं. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं होतं की आपल्याला सुई दिसेनाशी होईल त्या दिवशी शिक्का खाली ठेवायचा. एक दिवसही जास्त नाही.

आणि गेल्या चार महिन्यांपासून त्याला एका सुईच्या दोन सुया दिसत होत्या.

रोज नाही. सकाळी बरं असायचं, दुपारी जेवणानंतर टेबलाशी बसलं की रेघा पुसट व्हायच्या आणि सुईला जुळी बहीण यायची. त्यानं दोष चष्म्याला दिला. चष्मा बदलला. तीन महिन्यांत नवा चष्माही कुचकामी ठरला तेव्हा तो भांडायच्या तयारीनं चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"काचा कुठून आणतोस रे? बाटल्या फोडून?"

चष्मेवाल्यानं डोळे तपासले, जुना कागद काढला, परत तपासले. "नंबर असा उड्या मारत नाही, गुंज्या. तहान लागते का फार?"

"उन्हाळा आहे."

"रात्री उठावं लागतं?"

"पाणी पितो म्हटल्यावर उठणारच ना! पाणी काय पायांतून जाणार आहे?"

"वजन?"

इथे गुंज जुना चष्मा पुसायला लागला. वजन सहा किलो कमी झालं होतं. आणि ते त्याला दशांशापर्यंत माहीत होतं, कारण घरात काट्यांना तोटा नव्हता.

"नवा चष्मा मी आत्ता करणार नाही," चष्मेवाला म्हणाला. "आधी साखर बघून घे. तुझ्या वडिलांना होती."

घरी आल्यावर बायकोनं सगळं काढून घेतलं. "उद्याच्या उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, रक्त देऊ," ती म्हणाली.

"मोजायचंच आहे ना? मग मोजण्यासाठी मी दुसऱ्याच्या दारात जाऊ? मी?" आणि तो संध्याकाळी साखर मोजायचं यंत्र घेऊन आला.

आता खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा एका आकड्याची भीती. पण घाबरलेला माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर फार नेमका होतो, आणि गुंज नेमका झाला. यंत्राच्या पट्ट्यांची मुदत तपासली. सोबत आलेल्या बाटलीतला द्रव घालून यंत्र खरं बोलतं का ते पाहिलं. साबणानं हात धुतले, कोरडे केले. सकाळी उपाशीपोटी तीन बोटांतून तीन थेंब काढले. एकशे बारा, एकशे एकोणीस, एकशे पंधरा. मधला धरला. पट्ट्या महाग असतात हे बायकोनं सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून एकाच बोटावर आला.

पारडं खरोखर रिकामं हवं म्हणून तो संध्याकाळी सहालाच दोन घास खाऊन उठायचा. सकाळी आठपर्यंत चौदा तास पोटात काही नाही. आठवडाभराचे आकडे त्यानं वहीत सुवाच्य अक्षरात मांडले. एकशे पंधरा, एकशे अठरा, एकशे बारा, असे सगळे. यंत्राच्या कागदावर लिहिलं होतं, शंभरच्या आत उत्तम, सव्वाशेपर्यंत काठावर, त्यापुढे डॉक्टर गाठा.

"काठावर म्हणजे आत," गुंजनं निकाल दिला. "सव्वाशे ओलांडलेत का? नाही. काटा बरोबर आहे." आणि वहीत खाली सही केली.

"शंभराचे एकशे अठरा दाखवणारा काटा तुम्ही पास केला असता?" बायकोनं विचारलं.

"माणसाला थोडी सूट असते."

"हो ना. दुसऱ्याचा काटा आला की गुंज, आणि आपल्यावर आलं की मण!"

तो हसला. हसता येत होतं, कारण वहीत सही झाली होती. त्या आनंदात त्यानं आठवडाभर रखडलेली कामं उरकली. औषधवाल्यांचा छोटा तराजू होता, ज्यावर ते लहान मुलांच्या पुड्यांसाठी भुकटी तोलायचे. दुपारची वेळ होती, नुकतंच जेवण झालं होतं. सुईला जुळी बहीण आलेलीच होती. गुंजनं डोळे बारीक केले, दोन सुयांच्या बरोबर मध्ये नजर धरली, शून्य आहे असं ठरवलं आणि शिक्का दाबला. बायको वजनं पुसत होती. तिनं बघितलं, पण ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की सावध व्हावं, हे चौतीस वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

रविवार उजाडला. त्या दिवशी तिनं जेवण असं केलं की गुंजला वाटलं कुणी पाहुणे येणार. भात होता, बटाट्याची भाजी होती, शेवटी वाटीभर गोडही होतं. गुंज आठवडाभराचा उपाशी, तो तुटून पडला. तिनंही त्याच्याबरोबर बसून, मोजून तितकंच वाढून घेतलं. पहिला घास घेताना तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

बरोबर दोन तासांनी ती यंत्र घेऊन टेबलाशी आली.

"हात धुवा."

"आत्ता? आत्ता कशाला? भरल्या पोटी कधी..." तो म्हणता म्हणता थांबला.

"थांबलात का? पुढचं वाक्य तुमचंच आहे," ती म्हणाली. "चौतीस वर्षं ऐकतेय. रिकाम्या पारड्यावर कुणीही साधू असतो. तो खिळेवाला बिचारा मान खाली घालून गेला. आणि तुम्ही आठ दिवस रिकामं पारडं तपासून स्वतःला पास केलंत. तेसुद्धा उपास करून, झाडूनपुसून रिकामं केलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

गुंजला राग आला. खरा राग, कान तापवणारा. कारण ती चुकली असती तर त्याला हसता आलं असतं, आणि ती चुकली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांत त्यानं हजारो काटे तपासले असतील आणि एकही रिकामा तपासून सोडला नव्हता. तो उठला, हात धुतले, बोट पुढे केलं.

दोनशे अडुसष्ट.

"हाताला गोड लागलं असेल," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"आत्ता धुतलेत."

तरी तो परत गेला, नखाखालीसुद्धा साबण घालून आला. दुसरं बोट. दोनशे एकसष्ट.

"यंत्र बिघडलंय. भाराला खोटं बोलतंय. होतं असं, कमानीत दोष असला की..."

"बरं," ती म्हणाली. "मग काट्याचा संशय आला की तुम्ही काय करता?"

"प्रमाण वजन ठेवून बघतो."

तिनं हात धुऊन आपलं बोट पुढे केलं. "घ्या. तेच जेवले, तितकंच जेवले, त्याच वेळी जेवले. मी तुमचं प्रमाण वजन."

त्यानं नवी सुई घेऊन तिच्या बोटाला टोचली. यंत्रानं पाच सेकंद घेतले आणि आकडा दाखवला. एकशे सव्वीस. यंत्र खरं बोलत होतं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. गुंजच्या डोळ्यांपुढे वडिलांचं नख आलं, सुई चाचपणारं. आणि त्यामागून दुसरं काहीतरी आलं, आणि तो ताडकन उठला.

"औषधवाल्यांचा तराजू! अगं, मी त्यावर शिक्का मारला. मला सुई धड दिसत नव्हती आणि मी... पोरांची औषधं तोलतात त्यावर!"

"दिलेला नाही," ती म्हणाली. "फडताळात आहे. परवा ते न्यायला आले होते, मी सांगितलं, पारडं घासायचं राहिलंय."

"का?"

"दोन सुयांच्या मध्ये बघून शिक्का मारताना बघितलं मी तुम्हाला."

त्यानं तराजू काढला. तिनं सुई वाचली, त्यानं वजनं ठेवली. पूर्ण भाराला तो एका बाजूला चांगलाच झुकत होता. गुंजनं पक्कड घेतली आणि आपल्याच शिक्क्याची शिशाची गोळी कापून काढली. वडिलांची खूण असलेली ती गोळी हातात घेऊन तो म्हणाला, "गेलं गं. शिक्का ठेवायची वेळ आली. मलाही तेच होणार, बाबांसारखं." आणि तो रडला. तिनं रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाली, "डोळे जाण्याआधी सहा वर्षं सासरेबुवांनी कुणाला साखर मोजू दिली नव्हती. तुमचा फक्त एक आठवडा वाया गेलाय. उद्या सकाळी निघायचं, आणि आज रात्री नेहमीसारखं जेवायचं. उपासाची नाटकं नकोत."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी वही बघितली. आधी सुवाच्य अक्षराचं कौतुक केलं आणि मग सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"ती चूक आहे," गुंज म्हणाला. हे शब्द बायकोनं लग्नानंतर तिसऱ्यांदा ऐकले.

"चूक अर्धीच आहे," बाई म्हणाल्या. "उपाशीपोटी मोजलंत ते ठीक. पण काहींची साखर सकाळी शहाण्यासारखी वागते आणि जेवणानंतर उधळते. म्हणून दोन्ही बघायचं. आणि घरच्या यंत्रावरून मी रोग आहे की नाही ते ठरवत नाही. ते दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असतं."

"पंधरा टक्के!" गुंज खुर्चीतून उठलाच. "असा काटा माझ्या दुकानात आला असता तर..."

"बसा हो," बायको म्हणाली.

"म्हणून तर शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासायचं," बाई हसून म्हणाल्या. "त्यात गेल्या तीन महिन्यांची सरासरीही कळते. तिला तुम्ही एका रात्रीच्या उपासानं फसवू शकत नाही."

तपासण्यांचे कागद आले. उपाशीपोटी एकशे अडतीस. तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात आणि साडेसहाच्या आत असावी लागते, ती साडेआठच्या जवळ. मधुमेहच होता. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा बघितला, आणि ती दहा मिनिटं गुंजला वडिलांच्या सात वर्षांएवढी वाटली. पडदा शाबूत होता. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, त्यानं नंबर उड्या मारतो, साखर ताळ्यावर आली की काही आठवड्यांत नजर बसते, असं त्यांनी समजावलं. तोवर नवा चष्मा करू नका आणि दर वर्षी पडदा दाखवा, हेही सांगितलं. चष्मेवाल्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "बघ, बाटल्या फोडणाऱ्याचं ऐकलंस म्हणून वाचलास."

गुंजनं शिक्का डबीत घातला, डबीला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "मागितली तरी देऊ नकोस."

"मागून बघाच," ती म्हणाली.

मग सहा आठवडे दुकान असं चाललं की त्यानं कमानी बसवायच्या, घासायचं, जुळवायचं, आणि सुई तिनं वाचायची. शिक्क्याची कामं थांबली. गिऱ्हाइकांना त्यानं खरं कारण सांगितलं, अगदी खिळेवाल्यालासुद्धा, आणि खिळेवाल्यानं त्याचा चांगलाच सूड उगवला. "म्हणजे रिकामे होतात तेव्हा साधूच होतात की!" असं म्हणून तो टेबलावर हात आपटून हसला. गुंजनं ते गिळलं. गोळ्या घेतल्या, ताटातला भात निम्मा केला, जेवणानंतर अर्धा तास चालायला लागला. आणि वहीत आता जोडीनं आकडे पडू लागले, जेवणाआधीचा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरचा. दोनशे एकवीस. एकशे नव्वद. बटाटा झाला त्या दिवशी परत दोनशे दहा, त्यासमोर त्यानं लिहिलं, 'बटाटा दोषी'. एकशे सत्तर. खाली सही मात्र कुठेच नव्हती.

सातव्या आठवड्यात एका दुपारी, जेवून दोन तास झाल्यावर, वहीत एकशे अठ्ठेचाळीस पडले. बायकोनं आकडा बघितला. मग तिनं वडिलांच्या वेळचा छोटा तराजू टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा जरा बघा. काल पुसलाय. रिकामा आहे. शून्यावर आहे का सांगा, म्हणजे मी पेटीत ठेवते."

गुंज बसला. दांडीची कळ सोडली. दांडी डोलली, संथ झाली, थांबली. तो पुढे वाकला नाही की डोळेही बारीक केले नाहीत. सुई एकच होती. तिच्यामागच्या रेघा केसाएवढ्या बारीक होत्या आणि सगळ्या मोजता येत होत्या.

"शून्यावर नाही," तो म्हणाला. "डावीकडे झुकलाय."

"काहीतरीच. रिकामाच आहे की. तुम्हाला परत दोन दिसत असतील."

"एकच दिसतेय. डावं पारडं जड आहे. किती ते सांगू? एक गुंज." तो थांबला, परत बघितलं. "आणि वर थोडंसं."

बायकोनं दांडी अडकवली, डावं पारडं काढलं आणि उलटं केलं. खालच्या अंगाला सासऱ्यांच्या डबीतली लाल गुंज मेणानं चिकटवलेली होती.

"वरचं थोडंसं मेणाचं," ती म्हणाली. "रिकामा तपासून मी तुम्हाला कशी पास करणार?" आणि तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.